क्रूझर निवडताना रस्त्यातले सर्वात वाईट सहा किलोमीटर धरा

परभणीत राहणाऱ्या एका जिल्हा परिषद शिक्षकांनी विचारले आहे की, उंची ५ फूट ४ इंच, सध्या हाताशी १०० सीसीची जुनी गाडी, शाळा पाथरी रस्त्याने २२ किलोमीटरवर आणि त्यातले शेवटचे ६ किलोमीटर फाट्यावरून आत, शिवाय सुट्टीत पत्नीला घेऊन तुळजापूर, वेरूळ, जमल्यास कोकणापर्यंत जाण्याची हौस. तर २२०, ३५० की ६५० सीसीची क्रूझर घ्यावी, पाय पुढे टाकून बसल्याने पाठीला आराम मिळतो हे खरे का, आणि ही गाडी चालवायला वेगळे काही शिकावे लागते का? वडिलांचे म्हणणे असे की आहे ती गाडी पुरेशी आहे.

गेली २६ वर्षे मी छत्रपती संभाजीनगरात दुचाकींची दुरुस्ती करतो आणि त्यातली बरीच वर्षे स्वतः क्रूझर चालवली आहे. माझ्या मते वडील निम्मे बरोबर आहेत, आणि ते निम्मे नेमके कोणते हे तुमचे ते शेवटचे ६ किलोमीटर सांगतील. बहुतेक जण गाडी घेताना डोळ्यांपुढे महामार्ग आणतात. महामार्गावर कोणतीही गाडी बरीच वाटते. गाडीची खरी पारख गावात शिरणाऱ्या तुकड्यावर होते आणि तुम्हाला तो तुकडा दिवसातून दोनदा पार करायचा आहे.

क्रूझर कशाला म्हणायचे हे टाकीच्या आकारावरून किंवा चकाकीवरून ठरत नाही. दोन चाकांमधले अंतर जास्त, बैठक खाली, पुढचे शॉकअप उभे नसून पुढच्या बाजूला जास्त कललेले आणि फुटरेस्ट पुढे, अशी तिची ठेवण असते. या ठेवणीमुळे सरळ रस्त्यावर गाडी रुळावरून जावी तशी जाते, बाजूच्या वाऱ्याने सहज विचलित होत नाही आणि हँडल घट्ट धरून बसावे लागत नाही. पण याच ठेवणीमुळे ती सावकाश वळवताना जड लागते, वळायला जागा जास्त घेते आणि वळणावर फार कलवली की फुटरेस्ट डांबराला घासते. तिचे गुण आणि दोष एकाच ठिकाणाहून येतात, त्यामुळे गुण ठेवून दोष तेवढे काढून टाकण्याची सोय नाही. कोणी विक्रेता तशी सोय असल्याचे सांगत असेल तर त्याचे ऐकून घ्यावे आणि चहा पिऊन परत यावे.

आता पाठीचे. ही बैठक मुळात अमेरिकेतल्या लांब, सरळ रस्त्यांवर तासन्‌तास एका वेगाने जाण्यासाठी घडली आणि तशा रस्त्यावर ती खरोखर सुखाची आहे. आपल्याकडे धुळ्याहून सोलापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ किंवा तुळजापूर-लातूर-नांदेड असा जाणारा ३६१ या दोन्हींवर ते सुख मिळते. (समृद्धी महामार्ग पाहून पुष्कळांना क्रूझरची स्वप्ने पडतात, परंतु तिथे दुचाकीला प्रवेशच नाही.) मात्र साध्या गाडीवर खड्डा दिसला की आपण नकळत गुडघ्यांवर भार घेऊन किंचित उठतो आणि धक्का पायांत जिरतो, तसे इथे करता येत नाही. पाय पुढे असल्याने शरीराचा सगळा भार बैठकीवर राहतो आणि खड्ड्याचा तडाखा सरळ माकडहाडावरून कण्यात जातो. भर म्हणून, बैठक खाली ठेवण्यासाठी मागच्या शॉकअपची धाव, म्हणजे दबण्याची जागा, बहुधा तोकडी ठेवलेली असते. त्यामुळे चांगल्या रस्त्यावर १५० किलोमीटर जाऊन ताजातवाना उतरणारा माणूस फाट्यावरच्या ६ किलोमीटरांत कंबर धरतो, आणि यात त्याच्या वयाचा फारसा संबंध नसतो. दुसरी बाब वाऱ्याची. ताशी ९०-१०० च्या पुढे वारा ताठ छातीवर आदळतो आणि आपण हँडलला लोंबकळल्यासारखे होतो, तेव्हा खांदे दुखू लागतात. म्हणून क्रूझरचा सुखाचा वेग ७५ ते ९० असा मी धरतो. ज्याला याहून वेगाने जायचे आहे त्याने दुसरी गाडी पाहावी.

तुमच्या तीन पर्यायांपैकी ६५० आधी बाजूला ठेवू. जानेवारी २०२३ मध्ये आलेली रॉयल एनफिल्डची सुपर मिटिऑर ६५० अत्यंत सुरेख गाडी आहे. ६४८ सीसीचे दोन सिलिंडर, ५२ न्यूटन मीटरच्या पुढे टॉर्क (इंजिनाची ओढ), आणि डबलसीट घेऊनही ओव्हरटेक करताना विचार करावा लागत नाही. परंतु तिचे वजन २४१ किलो आणि जमिनीपासूनचे अंतर १३५ मिलिमीटर आहे. आपल्या गावांत ग्रामपंचायतीने किंवा एखाद्या त्रासलेल्या घरमालकाने रातोरात बांधलेले जे गतिरोधक असतात, त्यांवरून १३५ मिलिमीटरची गाडी डबलसीट नेली तर चेंबर, म्हणजे इंजिनाचा तळ, घासणारच. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी १८ टक्के झाला आणि त्यापुढच्यांवर ४० टक्के, त्यामुळे किमतीतली दरीही वाढली. तुमच्या वापरासाठी ती गाडी नाही.

रॉयल एनफिल्डची मिटिऑर ३५० नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आली. इंजिन ३४९ सीसी, ताकद सुमारे २० बीएचपी, टॉर्क ४००० फेऱ्यांना २७ न्यूटन मीटर, वजन १९१ किलो, बैठकीची उंची ७६५ मिलिमीटर, जमिनीपासूनचे अंतर १७० मिलिमीटर, टाकी १५ लिटर, पुढचे चाक १९ इंची आणि मागचे १७ इंची. यातला सर्वात मोलाचा आकडा माझ्या लेखी ताकदीचा नसून पुढच्या १९ इंची चाकाचा आहे, कारण मोठे चाक खड्ड्याच्या काठावर लहान चाकासारखे आदळत नाही. तिच्या फुटरेस्टही अमेरिकन गाड्यांइतक्या पुढे नाहीत, त्यामुळे गरज पडली तर थोडे उठता येते. २० बीएचपीत १९१ किलो गाडी आणि दोन माणसे म्हटल्यावर ताशी ८० नंतर ओव्हरटेकला धीर धरावा लागतो, हे मात्र आधीच मनाशी धरून चालावे.

बजाजची ॲव्हेंजर ही आपल्याकडची जुनी सोबतीण. कावासाकीच्या सहकार्याने आलेल्या १७५ सीसीच्या एलिमिनेटरची ती वारस. २००५ मध्ये ती १८० सीसीची म्हणून आली आणि २०१० मध्ये २२० सीसीची झाली. वजन १६० किलोंच्या थोडे वर, बैठक ७३७ मिलिमीटर, म्हणजे तुमच्या उंचीला दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकतील. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून असल्याने मराठवाड्यात या कंपनीचे इंजिन खोलू शकणारा माणूस तालुक्याच्या गावी सहज भेटतो, आणि सेलू-मानवतच्या रस्त्यात गाडी बंद पडली की या गोष्टीची किंमत कळते. उणी बाजू अशी की तिच्या फुटरेस्ट जास्त पुढे आहेत आणि मागचे चाक १५ इंची आहे, त्यामुळे पाठीवरचा मार मिटिऑरपेक्षा अधिक. शिवाय तिचे एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला आहे, मिटिऑरला दोन्ही चाकांना.

जुन्या बाजारातून घ्यायची झाल्यास सालाकडे नीट पाहावे. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले ते एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या बहुतेक ॲव्हेंजरना ते नाही. क्रूझर हौसेने घेतात आणि हौस फिटली की विकतात, त्यामुळे कमी चाललेल्या गाड्या मिळतात खऱ्या, पण त्यातल्या निम्म्यांचे हँडल बदललेले, सायलेन्सर कापलेले आणि वायरिंगला चार ठिकाणी टेप लावलेली असते. गाडी स्टँडवर असताना दिवा लावून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. दिवा मिणमिणला किंवा इंजिनाचा आवाज बदलला तर वायर किंवा केबल ओढली जाते आहे असे समजावे. पुढचे चाक उचलून हँडल मध्यावर आणताना खटका लागला तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) गेलेला आहे. खालून चेंबरवर ओरखडे किती आहेत ते पाहिले म्हणजे आधीच्या मालकाचा रस्ता कसा होता ते कळते.

शोरूमची दोन किलोमीटरची ट्रायल याबाबतीत जवळपास निरुपयोगी आहे, कारण ती नेहमी शोरूमसमोरच्या चांगल्या रस्त्यावर होते आणि दोन किलोमीटरात प्रत्येक क्रूझर सोफ्यासारखीच वाटते. त्याऐवजी बंद गाडीवर बसून ती जरा चढाच्या जागी पायांनी मागे ढकलून पाहावी. ढकलता येत नसेल तर बाजाराच्या दिवशी तुमची पंचाईत ठरलेली. हँडल पूर्ण वळवल्यावर दूरच्या बाजूचा हात खांद्यातून ताणला जातो का ते पाहावे, कारण ५ फूट ४ इंचांच्या माणसाला बैठकीची उंची क्वचित आडवी येते, हँडलची लांबी मात्र हमखास येते. नंतर ओळखीतल्या कोणाची तशीच गाडी एका दिवसासाठी मागून त्या ६ किलोमीटरांवरून न्यावी, आणि पत्नीला मागे बसवून न्यावी. क्रूझरच्या मागच्या बैठकीबद्दल चालवणाऱ्याचे मत विचारात घेण्यासारखे नसते.

आता चालवण्याविषयी. तुम्ही इतकी वर्षे गाडी चालवता आहात, तेव्हा वेगाने जाणे तुम्हाला शिकवायला नको. क्रूझरवर शिकावे लागते ते सावकाश जाणे. २०११ च्या जुलैत मानवतजवळ शेतातून निघालेल्या एका ट्रॅक्टरने डांबरावर काळ्या मातीचा थर आणून ठेवला होता. मी माणसाच्या चालीने त्याच्या बाजूने वळत होतो, हँडल वळलेले होते आणि घाबरून मी पुढचा ब्रेक दाबला. पुढचे चाक दुमडल्यासारखे झाले आणि गाडी माझ्यासह उजव्या अंगावर निजली. वखर सोडून दोघे धावत आले, त्यांनी गाडी उचलायला मदत केली आणि त्यातल्या एकाने अगदी आस्थेने विचारले, “सर, उभी व्हती का चालू व्हती?” तेव्हापासून माझा नियम असा की हँडल वळलेले असताना आणि वेग १५ च्या खाली असताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. इंजिनाला थोडी रेस द्यावी, क्लच अर्धा धरावा, मागचा ब्रेक हलका दाबून गाडी ताणात ठेवावी आणि नजर चाकापुढे न ठेवता जिथे जायचे तिथे ठेवावी. खाली पाहणारा माणूस खालीच जातो, हे मी शिकवताना शेकडो वेळा पाहिले आहे. शाळेच्या मैदानावर चार विटा ठेवून आठच्या आकड्यात ही वळणे रोज दहा मिनिटे घेतली तर पंधरा दिवसांत गाडीचे वजन निम्मे झाल्यासारखे वाटेल.

गाडी आडवी झालीच तर वाकून कंबरेच्या जोरावर उचलू नये. इंजिन बंद करावे, शक्य असल्यास गिअर टाकून ठेवावा, उजव्या अंगावर पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढावा. मग गाडीकडे पाठ करून बैठकीच्या कडेला पार्श्वभाग टेकवावा, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची पट्टी धरावी आणि पायांच्या जोरावर लहान लहान पावले टाकत मागे रेटावे.

सरळ जाताना थांबायचे तर मात्र दोन्ही ब्रेक लागतात. चाकांमधले अंतर जास्त आणि भार मागे असल्याने क्रूझरचा मागचा ब्रेक साध्या गाडीपेक्षा बरेच काम करतो, आणि पाय पुढे असल्याने तो घाईत शोधावा लागू नये यासाठी गर्दीत टाच टेकवून पंजा ब्रेकवर तयार ठेवण्याची सवय लावावी. पुढचा ब्रेक एकदम न आवळता आधी हलका, मग घट्ट दाबावा, म्हणजे भार पुढच्या चाकावर आल्यावर त्याची पकड मिळते. गतिरोधकावर पुष्कळ जण ब्रेक दाबलेल्या अवस्थेतच चढतात. ब्रेक दाबलेला असताना पुढचे शॉकअप आधीच बसलेले असते आणि धक्का झेलायला त्याच्यात काही उरलेले नसते. म्हणून वेग आधी कमी करावा आणि चाक गतिरोधकाला लागण्याच्या क्षणभर आधी ब्रेक सोडून द्यावा. एवढ्या एका सवयीने पाठ आणि चेंबर दोन्ही वाचतात.

वेगात गाडी वळते ती मूठ ढकलल्याने. डावीकडे वळायचे असेल तर डावी मूठ हलकेच पुढे रेटायची, गाडी डावीकडे कलते आणि वळते. वाचताना हे उलटे वाटते, पण रिकाम्या रस्त्यावर ४० च्या वेगाने करून पाहिले की खात्री पटते. साध्या गाडीवर हे आपोआप घडत असते. क्रूझरवर ते जाणून करावे लागते, कारण तिला नुसते अंग झुकवून वळवायला गेले तर ती बाहेरच्या बाजूला ओढते. कन्नडच्या घाटात किंवा मांजरसुंब्याला उतरताना वळणाआधीच गिअर कमी करून वेग पाडावा, वळणात शिरल्यावर ब्रेकवर विसंबू नये. फुटरेस्ट घासल्याचा आवाज आला तर दचकून गाडी सरळ करू नये, कारण सरळ झालेली गाडी समोरच्या मार्गिकेत जाते. मुठीवरचा दाब तसाच ठेवून वळण पुरे करावे आणि पुढच्या वळणाला वेग कमी ठेवावा.

आपल्या भागातले धोके ऋतूप्रमाणे बदलतात आणि कंपनीच्या पुस्तकात ते सापडणार नाहीत. पावसाळ्यात काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्या मधोमध इतकी भरते की चाक फिरेनासे होते. ती काडीने कोरून काढावी लागते आणि क्रूझरचे पुढचे मडगार्ड चाकाला लपेटून असल्याने हे काम अधिक वेळखाऊ होते. सोयाबीन निघाले की लोक रास रस्त्यावर पसरतात आणि वाळलेले दाणे-शेंगा चाकाखाली छर्ऱ्यांसारखे घरंगळतात, त्यावर ब्रेकही नको आणि वळणही नको. कारखाने सुरू झाले की रात्रीच्या वेळी बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉल्या असतात, एकामागे एक अशा दोन जोडलेल्या, त्यामुळे ओव्हरटेकचा अंदाज चुकतो. त्याहून वाईट म्हणजे पंक्चर झालेल्या ट्रॉलीच्या चाकाला लावलेला धोंडा ट्रॉली गेल्यावरही रस्त्यातच राहतो. मी त्या दिवसांत अंधार पडल्यावर ६० च्या वर जात नाही. आणि रोही (नीलगायी) कळपाने रस्ता ओलांडतात, तेव्हा एक गेला म्हणून पुढे निघू नये. मे महिन्यात डांबर मऊ होते आणि साइड स्टँड हळूहळू त्यात रुततो. मी डिकीत हाताच्या तळव्याएवढी एक चपटी फरशी ठेवतो, स्टँडखाली टाकायला. ही फरशी घरी विसरलो त्या दिवशी अंबाजोगाईत एका हॉटेलसमोर चहा होईपर्यंत गाडी आडवी झालेली होती.

पत्नी मागे बसणार असल्याने सारीगार्ड आणि मागच्या माणसाला धरायची मूठ काढू नये. मोटार वाहन नियमांतला नियम १२३ दोन्ही मागतो, आणि दिसायला बरे म्हणून ही दोन्ही पहिल्याच आठवड्यात काढून आणणारे ग्राहक मी पाहिले आहेत. शक्य असेल तर त्यांनी दोन्ही बाजूंना पाय टाकूनच बसावे, कारण एका बाजूला बसल्याने सावकाश वळणात गाडी त्या अंगाला झुकते. हेल्मेट दोघांनाही हवेच. मागच्या शॉकअपला कडक करण्याचे टप्पे असतात. डबलसीट जाताना दोन टप्पे वाढवावेत आणि टायरची हवा चाक थंड असताना पुस्तकात दिलेल्या डबलसीटच्या आकड्याइतकी भरावी. दर ६०-७० किलोमीटरांना दहा मिनिटे उतरून चालावे.

तेव्हा माझा सल्ला असा. जुनी १०० सीसी विकू नये आणि जून ते सप्टेंबर शाळेला तिच्यावरच जावे. हे जमत असेल तर मिटिऑर ३५० किंवा त्याच वजनाची दुसरी क्रूझर निःशंक घ्यावी. घरात एकच गाडी ठेवायची असेल आणि फाट्यावरचा रस्ता पुढची दोन-तीन वर्षे असाच राहणार असेल, तर क्रूझरचा विचार सोडून त्याच ३५० सीसी वर्गातली, फुटरेस्ट मध्यावर असलेली ताठ बैठकीची गाडी घ्यावी. महामार्गावरचे सुख थोडे कमी होईल, पण खड्ड्यावर पायांवर उठता येईल. फक्त शनिवार-रविवारची हौस असेल आणि पैसा अडकवायचा नसेल तर २०१९ नंतरची चांगली ॲव्हेंजर शोधावी. कोणतीही घेतली तरी नव्या गाडीवर पहिला महिनाभर तुळजापूरचा बेत करू नये. आधी एकट्याने परळी-अंबाजोगाईपर्यंत जाऊन यावे, परतल्यावर चेन किती सैल झाली आहे आणि आरशांचे, लेगगार्डचे नटबोल्ट ढिले झाले आहेत का ते स्वतः पाना घेऊन पाहावे, आणि मगच घरी तारीख सांगावी.